मशीन कुणी आणलं

ओमानमधल्या सूर गावात एसी घ्यायचा असेल तर आधी महमूद होडेकरला विचारायचं, असं तिथल्या भारतीय मंडळींत आपोआप ठरून गेलं होतं. महमूद मूळचा दाभोळचा. तारुण्यात ओमानला आला तो शिडी खांद्यावर घेऊन भिंतींवर एसी चढवायला. पुढे पाठीनं दगा दिला, तेव्हा अर्बाबनं, म्हणजे दुकानाचे मालक खल्फान यांनी, त्याला शिडीवरून उतरवून काउंटरवर बसवलं. तेव्हापासून तो तिथेच होता. खोलीची लांबी-रुंदी विचारायचा, खिडकी पश्चिमेला आहे का ते विचारायचा, आणि गिऱ्हाईक मोठ्या एसीकडे बोट दाखवायला लागलं की म्हणायचा, "एवढा कशाला घेताव? बिल भरून दमाल." माल कमी खपला तरी माणूस परत यायचा. समुद्रावरून येणारी ओली, गरम हवा सूरच्या लोकांना उन्हाळाभर घाम पुसायला लावते, आणि त्या गावात अशा माणसावर लोकांचा जीव बसतो.

त्यामुळे ऑगस्टमध्ये धनंजय कुलकर्णी दुकानात शिरला तेव्हा महमूदनं नेहमीसारखं हसून खुर्ची पुढे केली. धनंजय गॅसच्या कारखान्यात इंजिनियर. मे महिन्यात त्यानं दोन एसी आणि एक फ्रीज क्रेडिट कार्डावर नेला होता.

धनंजय बसला नाही. त्यानं मोबाइल काउंटरवर ठेवला आणि पडद्यावर बोट टेकवलं.

"हे काय आहे?"

महमूदनं चष्मा लावला. बँकेचं स्टेटमेंट होतं. दुकानाचं नाव ओळखीचं, रक्कमही ओळखीची. पण पुढे लिहिलं होतं 'कॅश अ‍ॅडव्हान्स'.

"साहेब, हा तर तुमचा एसी."

"एसी मी विकत घेतला. इथं लिहिलंय मी रोख पैसे काढले. खरेदीवर महिना-दीड महिना व्याज नसतं. रोख काढली की आधी फी, आणि त्याच दिवसापासून व्याज. तीन महिने मला पत्ता नाही. बँकेत विचारलं तर म्हणतात, दुकानानं जसं पाठवलं तसं आम्ही लावलं."

दुकानात दोघं-तिघं गिऱ्हाइकं होती. एक ओमानी बाई वॉशिंग मशीनचं झाकण उघडून बघत होती, तिनंही मान वळवली. महमूदनं आवाज खाली आणला. "मी स्लिप दिली होती ना? त्यावर खरेदीच असणार. थांबा, बघून सांगतो."

"स्लिप कशाला बघतोस? कार्ड घासून कुणाला तरी रोख काढून द्यायची आणि कमिशन खायचं, हा धंदा मला माहीत आहे. माझ्या नावावर कुणाला दिलेस पैसे?"

इतकी वर्षं धनंजय त्याला महमूदभाई म्हणत आला होता, अहो-जाहो करत आला होता. एका वाक्यात सगळं गळून पडलं. महमूदला आधी तेच लागलं, आरोप नंतर.

आतल्या केबिनमधून खल्फानचा मुलगा सईद बाहेर आला. म्हातारे खल्फान आता फारसे दुकानात येत नसत, वर्षभर कारभार सईदच बघत होता. त्यानं स्टेटमेंटकडे नजरही न टाकता इंग्रजीत सांगितलं, "सर, तुमच्या बँकेशी बोला." आणि आत निघून गेला. धनंजयनं मोबाइल उचलला. जाताना त्यानं दुकानाच्या पाटीचा फोटो काढला.

संध्याकाळपर्यंत तो फोटो सूरमधल्या भारतीयांच्या ग्रुपवर फिरला. खाली लिहिलं होतं, 'इथं कार्ड देऊ नका, आणि दिलं असेल तर स्टेटमेंट तपासा.' लोकांनी तपासलं. एकामागून एक फोन यायला लागले. शाळेतल्या दोन शिक्षिका, इस्पितळातला एक कंपाउंडर, कारखान्यातले चौघं-पाचजण. सगळ्यांचं तेच. क्रेडिट कार्डानं घेतलेली वस्तू बँकेत रोख रक्कम म्हणून लागलेली. महमूद प्रत्येकाला सांगत राहिला, "मी बघतो, मला थोडा वेळ द्या." आणि त्याला कळत होतं की कुठं बघायचं हेच आपल्याला ठाऊक नाही.

मस्कतमध्ये असल्याच कामात पकडलेल्या एका केरळी माणसाची गोष्ट त्याला माहीत होती. तो माणूस तुरुंगात गेला, आणि सुटला तो थेट विमानात. महमूदनं आयुष्यात कधी कुणाला कार्डावर एक रियाल रोख दिला नव्हता. तरी पोलिसांची गाडी रस्त्यावरून गेली की त्याचे हात काउंटरखाली जायचे.

घरी आणखी वेगळं चाललं होतं. त्याची बायको नूरबानू चार-पाच बिऱ्हाडांना जेवणाचे डबे द्यायची. दोघांनी डबा बंद केला, कारण काही सांगितलं नाही. मुलगा अरहम बारावीत होता. एका दुपारी तो शाळेतून आला, दप्तर टाकलं आणि दारातच उभा राहिला.

"अब्बा, माझ्या क्लासमधल्या यशचे डॅड बोलतात, यू टुक दि कॅश." त्याचं मराठी नेहमीच अडखळायचं, त्या दिवशी जास्त अडखळलं. "मी त्याला बोललो, माझे अब्बा असं नाही करत. मग तो बोलला, मग कॅश कुठे गेली? मला... मला आन्सर नव्हता."

महमूदनं खाली पडलेलं दप्तर उचलून ठेवलं. "जेव आधी," एवढंच तो म्हणाला.

उत्तर आणलं ते पूर्वा सिस्टरनं. पूर्वा साळवी इस्पितळात नर्स होती, मूळची डोंबिवलीची. आई-वडिलांना काही महिन्यांसाठी सूरला आणायचं म्हणून तिनं भाड्याचं घर घेतलं आणि महमूदच्या दुकानातून एसी, फ्रीज, गॅसची शेगडी असं सगळं कार्डावर नेलं. दर महिन्याला थोडं थोडं फेडत होती. व्याजाचा फटका तिला सगळ्यांत जास्त बसला होता. पण तिनं फोन केला नव्हता. ती ड्युटी संपवून, गणवेशावर ओढणी टाकून, दुकान दुपारचं बंद व्हायच्या वेळेला आली. सईद जेवायला घरी गेला होता.

"महमूदभाई, मी आज बँकेत जाऊन बसले. उठलेच नाही. शेवटी एका बाईनं कंप्यूटर उघडून बघितलं. ती म्हणाली, हे दुकान आमच्याकडे मनी एक्स्चेंज म्हणून नोंदलेलंय. तिथं कार्ड घासलं की सिस्टम समजते, बाई पैसे बदलायला किंवा काढायला आली. म्हणून ते रोख धरतात. तुमच्याकडे मनी एक्स्चेंज आहे का?"

"इथं? नाही, सिस्टर. इथं एसी आहेत."

"मग हे मशीन कुठून आलं?"

महमूदनं काउंटरवरच्या कार्ड मशीनकडे बघितलं. काळं, एका कोपऱ्यावर टवका उडालेलं. रमजानमध्ये जुनं मशीन बंद पडलं होतं. बँकेचा माणूस ईदनंतर येईन म्हणाला होता, आणि ईदच्या आधीचे दिवस म्हणजे विक्रीचे दिवस. तेव्हा सईदनं हे मशीन आणून लावलं आणि म्हणाला, "यल्ला, काम चालू ठेव." नवं मशीन नंतर आलंच नाही. खल्फानच्या घराण्याचं इब्रा गावी पैसे बदलायचं एक छोटं दुकान होतं, ते गेल्या वर्षी बंद झालं. दोन्ही दुकानांचं नाव एकच, खानदानाचं. स्लिपवर तेच नाव यायचं. महमूदला कधी शंका आली नव्हती, यायचं कारणही नव्हतं.

त्याचा चेहरा बघून पूर्वाला समजलं की मशीन त्यानं आणलेलं नाही. "मी कुणाला सांगत नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही सांगा. लोक तुम्हाला चोर म्हणतायत."

चार वाजता दुकान उघडल्यावर महमूद सरळ केबिनमध्ये गेला. त्याचं अरबी कामापुरतं होतं, पण वीस-बावीस वर्षांत ते काम बरंच मोठं झालं होतं.

"सईद, हे मशीन इब्राचं आहे?"

सईदनं मोबाइलमधून मान वर केली. क्षणभर तो पोरगेला दिसला. मग त्यानं उठून दार लावलं.

"कुणी सांगितलं?"

"म्हणजे तुला माहीत होतं."

"लावलं तेव्हा नाही. अल्लाशपथ नाही. मशीन ते मशीन, मला काय ठाऊक? तो इंजिनियर आला त्यानंतर मी चौकशी केली, तेव्हा कळलं." सईद खुर्चीत बसला. "एका दुकानाचं मशीन दुसरीकडे लावणं हा गुन्हा आहे, महमूद. बँक दंड लावेल, मशीनच काढून घेईल. कार्डाशिवाय आज दुकान चालतं का? आणि बाबांना कळलं तर..." तो थांबला.

"आणि लोकांचे पैसे?"

"लोक आणि त्यांची बँक. मशीन मी आज काढून टाकतो. खलास."

"लोक मला चोर म्हणतात."

"महिन्याभरात विसरतील." सईद थोडा पुढे वाकला. "ऐक. रविवारी बँक उघडली की त्यांची माणसं येणार आहेत. कुणीतरी तक्रार केलीय. तू त्यांना सांग की गोदामातून मशीन तू उचललंस, चुकून. तू कामगार आहेस, तुला काय समजणार? ते मला म्हणतील, माणसाला समज द्या. मी म्हणेन, दिली. तुझा व्हिसा ऑक्टोबरात संपतोय ना? मी दोन वर्षांचा लावतो. पगारही वाढवतो. तुझ्या मुलाचं शेवटचं वर्ष आहे."

सईदनं धमकी दिली नव्हती. व्हिसा लावतो म्हणाला होता. पण लावतो म्हणणारा माणूस न लावणाराही असू शकतो, हे सांगायला लागत नव्हतं.

रविवार यायच्या आधीच्या त्या दोन-तीन दिवसांत महमूदनं दहादा मन बदललं. कधी त्याला वाटायचं, एक वाक्य तर बोलायचंय. चुकून उचललं. कामगाराची चूक, त्यात चोरी कुठं आली? मग वाटायचं, चूक कबूल केली की बाकीचंही कबूल केलं असंच लोक धरतील. पूर्वा सिस्टरला खरं माहीत होतं. ती रस्त्यात भेटली तर बघायचं कसं?

शुक्रवारी नमाजाहून आल्यावर त्यानं नूरबानूला सगळं सांगितलं. अरहम आतल्या खोलीत अभ्यासाला बसला होता. खिडकीचे पडदे ओढलेले होते, एसी घरघरत होता. नूरबानू मासे साफ करता करता ऐकत होती. तिचे हात मधेच थांबले.

"गप बसलांव तर चोर ठरताव. बोललांव तर नोकरी जाते."

"व्हय."

"मना भ्या वाटतं," ती म्हणाली. "फेब्रुवारीत पोराची परीक्षा. अर्ध्यावर शाळा सोडून दाभोळला नेऊन काय करणार त्याचा? तिथल्या शाळेत कोण घेणार?"

"मग काय सांगू? मी उचललं म्हणून सांगू?"

नूरबानूला खोटं सांगा असंही म्हणवेना, खरं सांगा असंही म्हणवेना. तिनं परत सुरी उचलली. खाली बघूनच म्हणाली, "तुमी जे करशाल ते मना आधी ठाव असूदे. बाहेरून कळाया नको." महमूद हो म्हणाला, पण काय करणार ते त्याला त्या वेळीही ठाऊक नव्हतं.

रविवारी सकाळी बँकेची दोन माणसं आली. एक तरुण ओमानी, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या पायघोळ दिशदाशात, आणि त्याच्याबरोबर एक चष्मेवाला. महमूदचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतंच. त्यांच्या मागून काठी टेकत खल्फान आत येत होते. बँकेनं फोन केला होता तो परवान्यावरच्या नावाला, आणि परवान्यावर अजून म्हाताऱ्याचंच नाव होतं. सईदचा चेहरा उतरला. त्यानं वडिलांना खुर्ची दिली, कहावा, म्हणजे अरबी कॉफी, मागवला, आणि महमूदकडे एकदाच बघितलं.

कहाव्याचे पेले फिरले. तरुण अधिकाऱ्यानं मशीन मागितलं. मशीन काउंटरवर नव्हतं, गोदामातून आणावं लागलं. त्यानं मागचा नंबर वाचला, आपल्या टॅबशी ताडून बघितला.

"हे इब्राच्या एक्स्चेंजच्या नावावर आहे. इथं कसं आलं?"

"गोदामात दोन्ही दुकानांची मशीनं पडली होती," सईद म्हणाला. "आमच्या माणसाकडून घोटाळा झाला. महमूद, सांग यांना."

सगळे महमूदकडे बघायला लागले. त्यानं तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, गेल्या दोन-तीन दिवसांत मनात कितीदा म्हणून झालं होतं. दुकानातले सगळे एसी बंद असावेत तसा त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता. खल्फान त्याच्याकडे एकटक बघत होते. याच माणसानं त्याला एकदा शिडीवरून पडल्यावर स्वतःच्या गाडीत घालून इस्पितळात नेलं होतं. त्यांच्यासमोर त्यांच्या मुलाला उघडं पाडायचं, की त्यांच्यासमोर खोटं बोलायचं?

"मी नाही आणलं," महमूद म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला की चष्मेवाला पुढे वाकला. "रमजानमध्ये जुनं बिघडलं, तेव्हा हे मला दिलं गेलं. मी त्यावर फक्त विक्री केली. जेवढी कार्डं घासली तेवढा माल इथून गेलाय. एसी, फ्रीज. कुणाच्या घरी जाऊन बघा, भिंतीवर लावलेले आहेत."

"कुणी दिलं?" अधिकाऱ्यानं विचारलं.

महमूद मशीनकडे बघत राहिला.

"त्याला कशाला विचारता," खल्फान म्हणाले. त्यांनी काठीवरचा हात बदलला आणि मुलाकडे वळले. "मशीन तू आणलंस?"

बाहेर रस्त्यावर पिकअपवाला हॉर्न देत होता. सईदनं कहाव्याचा पेला खाली ठेवला, आणि त्याचं 'हो' ऐकू येण्याआधीच म्हाताऱ्यानं डोळे मिटले.

बँकेनं दंड लावला. मशीन जप्त झालं, नवं यायला बरेच दिवस लागले, तेवढे दिवस दुकान रोखीवर चाललं. गिऱ्हाइकांबद्दल अधिकाऱ्यानं स्पष्ट सांगितलं की आमच्याकडून नोंद दुरुस्त होईल, पण फी आणि व्याज परत मिळवायचं तर प्रत्येकानं आपापल्या बँकेकडे जायला हवं, आणि ही खरेदीच होती असं दुकानानं लिहून द्यायला हवं.

ती माणसं गेल्यावर खल्फाननी महमूदला जवळ बोलावलं. महमूदला वाटलं, म्हातारा खांद्यावर हात ठेवील. तसं झालं नाही.

"माझं घर तुला माहीत आहे," खल्फान म्हणाले. "जेवला आहेस तिथं. परक्यांसमोर बोलायच्या आधी माझ्याकडे का आला नाहीस?"

महमूदनं स्वतःलाही तेच विचारलं. खरंच, का गेलो नाही? भीतीनं सगळ्या वाटा तपासल्या होत्या आणि नेमकी हीच सुचली नव्हती. तो मान खाली घालून उभा राहिला. मग म्हणाला, "अर्बाब, लोकांना लिहून द्यायचंय."

"दे. शिक्का मी मारतो."

पुढचे आठ-दहा दिवस महमूद दुपारच्या सुट्टीत घरोघर फिरला. उन्हानं गाडीचं स्टिअरिंग धरवत नसे, तो रुमाल गुंडाळून गाडी चालवायचा. शिक्षिकांकडे गेला, कंपाउंडरच्या खोलीवर गेला, कारखान्याच्या वसाहतीत गेला. काहींनी सरबत दिलं. एकानं दाराच्या फटीतून कागद घेतला आणि दार लावलं. पूर्वाच्या वडिलांनी त्याला बसवून घेतलं आणि तासभर डोंबिवलीच्या गप्पा मारल्या. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं, लेकीनं सांगितलं नव्हतं.

धनंजयकडे तो सगळ्यांत शेवटी गेला. धनंजयनं दारातच कागद वाचला, परत एकदा वाचला.

"म्हणजे मशीनच चुकीचं होतं."

"हो."

"तुम्ही त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"त्या दिवशी मलाही माहीत नव्हतं."

धनंजय दाराच्या कडीशी चाळा करत राहिला. आतून त्याच्या बायकोनं विचारलं, कोण आलंय. "महमूदभाई आहेत," तो म्हणाला. मग महमूदकडे न बघता, "मी ग्रुपवर लिहितो." त्यानं लिहिलंही. 'बँकेच्या नोंदीतली चूक होती, प्रश्न सुटला आहे.' महमूदचं नाव त्यात नव्हतं. अरहमनं तो मेसेज मित्राच्या फोनवर वाचला आणि घरी येऊन चिडून म्हणाला, "सॉरी कुठे आहे ह्यात?" महमूद म्हणाला, "जाऊ दे." पण त्यालाही जाऊ देणं जमलं नाही. पुढे धनंजय बाजारात दिसला की तो आधी दुसरीकडे बघायचा.

बहुतेकांचे पैसे डिसेंबरपर्यंत परत आले. पूर्वाची बँक सगळ्यांत जास्त अडून बसली. तिनं सोडलं नाही, शेवटी तिलाही मिळाले.

ऑक्टोबरात खल्फाननी महमूदचा व्हिसा लावला. लावताना सांगितलं, "मुलाची परीक्षा होऊ दे. मग दुसरीकडे काम बघ. सईदनं आणि तू एका छपराखाली रोज एकमेकांचं तोंड बघणं बरं नाही. दुकान त्यालाच चालवायचंय." महमूदनं ते ऐकून घेतलं. अन्याय होता का? नूरबानूला वाटला, ती दोन दिवस नीट जेवली नाही. महमूदला मात्र म्हातारा काय म्हणतोय ते समजत होतं, आणि समजत होतं म्हणूनच जास्त दुखत होतं. ते सहा महिने सईद आणि तो मालाच्या आवक-जावकीपलीकडे एक शब्द बोलले नाहीत.

निझवाच्या बाजारात एका मराठी भाषिक दुकानदाराकडे त्याला जागा मिळाली. अरहमची परीक्षा झाली, मुंबईच्या कॉलेजचे अर्ज गेले, आणि एप्रिलमध्ये एका सकाळी त्यांनी बिऱ्हाड हलवायला घेतलं. ठरवलेला पिकअपवाला आलाच नाही. फोनही उचलेना. नूरबानू खोक्यांच्या मधे उभी राहून रस्त्याकडे बघत होती, तेव्हा दुकानाचा ट्रक दाराशी येऊन लागला. सईद स्वतः चालवत आला होता.

तो खाली उतरला, दिशदाशाच्या बाह्या वर सारल्या आणि न विचारता फ्रीजची एक बाजू धरली. दुसरी महमूदनं धरली. महमूदच्या पाठीचं ठाऊक असल्यामुळे सईदनं जास्त वजन आपल्याकडे घेतलं. सामान चढवून होईपर्यंत दोघं कामापुरतंच बोलले, जरा डावीकडे, खाली धर, सांभाळून.

शेवटची दोरी आवळल्यावर सईद हात झटकत म्हणाला, "बाबांनी सांगितलंय, ईदला घरी यायचं. सगळ्यांनी."

"इन्शाल्ला," महमूद म्हणाला. हो म्हणून म्हणाला की नाही म्हणून, हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

त्या वर्षी बकरी ईदला तो गेला नाही. निझवात नवीन आहे, सुट्टी मिळत नाही, असं फोनवर सांगितलं. पुढच्या रमजान ईदला मात्र नूरबानूला घेऊन पहाटेच निघाला आणि दुपारच्या जेवणाला सूरला, खल्फानच्या घरी पोचला.